डाव्या पायाचा जबडा

गाल सुजलाय हे पहिल्यांदा आबांनी पाहिलं, आणि तेही म्हशीच्या पोटाखालून.

आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आमच्या चार-पाच म्हशी होत्या. संध्याकाळी त्या कट्ट्यावर नेऊन बांधायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळलेला पेला कोमट असतानाच त्याच्या हातात द्यायचा, हा आमचा धंदा. मी कॉलेजात होतो. म्हणजे नाव कॉलेजात होतं, मी असायचो मैदानावर. त्या दिवशी सरावाहून आलो आणि म्हशीला टेकून उभा राहिलो. आबा खाली बसून धार काढत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघतच राहिले आणि त्यांच्या हाताची लय चुकली. म्हशीनं पाय झाडला.

"डावा गाल बग तुजा," ते म्हणाले. "तोबरा भरलाईस काय?"

तोबरा कसला भरणार? तंबाखूला हात लावला तर तालमीतून हाकलून देतील, असा आमच्याकडे दंडक होता. गालात काही नव्हतं आणि दुखतही नव्हतं. न दुखणाऱ्या गोष्टीला भ्यायला अक्कल लागते, ती त्या वयात नव्हती. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं, फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला होता आणि कुस्तीबरोबर फुटबॉलचाही संघ असलेल्या आमच्या तालमीचा मी डाव्या बाजूचा विंगर होतो. डाव्या पायानं मारणारा पोरगा पेठेत माझ्याशिवाय नव्हता. लहानपणी डाव्या पायानं उंबरा ओलांडतो म्हणून मी आईच्या हातचा मार खाल्लेला. पुढं त्याच पायासाठी लोक मला फुकट मिसळ खायला घालायचे.

त्यानंतरचे महिने मला धुरकट आठवतात. पहाटे रंकाळ्यावर धुकं असतं, समोरून माणूस येतो, जवळ येईस्तोवर ओळखू येत नाही आणि ओळखलं म्हणेपर्यंत मागं गेलेला असतो, तसे ते दिवस गेले. दाढ हलायला लागली. दातांच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि उजेडाकडे धरला. हाड जिथं भरीव दिसायला हवं तिथं साबणाचा फेस दिसत होता. मला तो फोटो सुंदर वाटला, हे मी कुणाला सांगितलं नाही.

जबड्यात गाठ होती. तिचा तुकडा तपासून आला. कॅन्सर नव्हता. आईनं तिथंच बाकावर बसून जोतिबाला हात जोडले. पण मोठ्या डॉक्टरांनी तिला पुरतं हात जोडूही दिले नाहीत. ते म्हणाले, "ही गाठ जिवावर उठत नाही, पण हाड खाते. नुसती खरवडली तर परत येते. तेवढा जबडा काढायला लागेल." हे डॉक्टर पुण्याहून दर आठवड्याला दोन-तीन दिवस येऊन राहायचे. शांत माणूस. बोलताना स्वतःच्या जबड्यावर बोट फिरवून दाखवायचे. हनुवटीच्या जरा अलीकडून त्यांनी बोट सुरू केलं आणि डाव्या कानाच्या खाली नेऊन थांबवलं. एवढं जाणार.

"आनि मग तितं काय?" आबांनी विचारलं.

मग डॉक्टरांनी एकेक वाट सांगितली. काहीच न घालता नुसतं शिवून टाकता येतं, पण मग हनुवटी डावीकडे ओढली जाते, वरचे-खालचे दात एकमेकांना भेटत नाहीत आणि तोंड कायमचं वाकडं होतं. टायटॅनियमची पट्टी बसवता येते. सोपं काम, लवकर घरी. पण पट्टी म्हणजे हाड नव्हे. चावून चावून काही वर्षांत ती मोडते, नाहीतर गालाची कातडी फाडून बाहेर येते, आणि तिच्यावर दात लावता येत नाहीत. कमरेच्या हाडाचा तुकडा कापून नुसताच बसवता येतो, पण त्याला रक्त पुरवणारं कुणी नसतं. फट लहान असेल तर तो धरतो, माझ्याएवढ्या फटीत विरघळून जायची भीती. राहिली शेवटची वाट. पोटरीत नडगीच्या शेजारी एक बारीक हाड असतं. ते त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढायचं, कापून जबड्याच्या वळणाला जुळवायचं, आणि त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली शिवायच्या. ते हाड तोंडात जिवंत राहतं. पुढं त्यात स्क्रू बसवून दातही लावता येतात.

"पायाचं हाड तोंडात?" आबा म्हणाले.

"अंगाचा भार नडगी घेते. या बारीक हाडावाचून माणूस चालतो, पळतो."

"आनि खेळतोय का?" हे मी विचारलं. पहिल्यांदाच बोललो होतो.

डॉक्टरांनी माझ्याकडे नीट बघितलं. "पायाचा अंगठा थोडा कमी वाकेल. घोटा काही महिने कच्चा राहील. पळशील हे मी सांगतो. पूर्वीसारखा खेळशील हे मी सांगत नाही."

शिवाजी पेठेत काही झाकून राहत नाही. त्या संध्याकाळी तालमीत दिवे लागले तेव्हा माझ्या जबड्यावर बैठक बसलेली होती. मी कडेला भिंतीला टेकून ऐकत होतो, जणू दुसऱ्याच कुणाचं लग्न ठरत होतं. सगळ्यांचं एकमत झालं की हाड उजव्या पायाचं द्यायचं. उजवा तसाही नुसता उभं राहायला आहे. म्हातारे पैलवान, आजी-माजी खेळाडू, समोरचा पानवाला, कुणालाच दुसरं मत नव्हतं. डॉक्टरांकडे निरोप गेला: पेठेचा निर्णय असा हाय.

डॉक्टरांनी निरोप ऐकून घेतला आणि दोन्ही पायांत औषध सोडून रक्तवाहिन्यांचे फोटो काढले. माझ्या उजव्या पायात निसर्गानं चेष्टा करून ठेवली होती. पाऊल जगवणाऱ्या बाकीच्या वाहिन्या तिथं बारीक होत्या आणि जी वाहिनी हाडाबरोबर काढायची तीच सगळ्या पावलाला रक्त देत होती. तिथलं हाड घेतलं तर पाऊल जाईल. डावा पाय मात्र पुस्तकात काढावा तसा. म्हणजे घेतलं तर डाव्याचंच.

त्यानंतरची गोष्ट आजही आमच्या तालमीत सांगतात. आमच्या संघाचा स्टॉपर, म्हणजे गोलापुढचा बचाववाला, लाल मातीत वाढलेला, खांबासारखे पाय असलेला, दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात येऊन डॉक्टरांच्या दारात उभा राहिला. उजव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पाय वस्तऱ्यानं साफ केलेला, दोन ठिकाणी कापलेलं. ऑपरेशनला उपाशी लागतं हे कुणाकडून तरी ऐकलेलं, म्हणून आदल्या रात्रीपासून पोटात अन्न नव्हतं.

"माजं घ्या," तो म्हणाला. "ह्येच्या डाव्याला हात लावू नगा."

रक्त देता येतं तसं हाडही देता येतं, असा त्याचा साधा हिशोब होता. डॉक्टर हसले नाहीत, याचं मला अजून कौतुक वाटतं. त्यांनी त्याला बसवलं आणि समजावून सांगितलं की दुसऱ्याचं जिवंत हाड ह्याचं शरीर घेणार नाही, ह्याला स्वतःचंच लागेल.

"दुसऱ्याचं कुठलं?" स्टॉपर चिडला. "एकाच तालमीतलं हाय की आमी!"

शेवटी डॉक्टरांनी त्याच्याकडून ऑपरेशनसाठी रक्त घ्यायचं कबूल केलं, तेव्हा कुठं तो उठला. पण आधी त्याला जेवायला पाठवावं लागलं.

मी मात्र मनात ठरवून टाकलं होतं. पट्टी बसवायची. वाकडं व्हायचं ते पुढं होईल, आज हंगाम आहे. घरी तसं सांगितलं. आबा गोठ्यात वैरण टाकत होते. हातातली पेंढी त्यांनी दावणीत टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाय मोडलेली म्हस मी सांबाळलीया. तीन पायांवर उबी ऱ्हाती, दूध बी देती. पर तोंड बंद पडलेली म्हस म्हैन्यात गेली. मी बगितलंय. रवंथ थांबला की जनावर थांबलं." एवढं बोलून ते दुसऱ्या दावणीकडे गेले. मी आईकडे वळलो. आई चुलीपुढं बसून होती. "मला काय इच्यारू नगंस," ती म्हणाली. "मी तुजं तोंड बी बगनार न्हाई आनि पाय बी." आणि पदरानं डोळे पुसून भाकरी थापायला लागली.

रात्रभर त्या म्हशीचा विचार करत पडलो. सकाळी जाऊन डॉक्टरांना सांगितलं, पाय घ्या.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आत नेलं ते बाहेर आणलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते म्हणतात. मला त्यातलं काही ठाऊक नाही. पुढचे दिवस मी कुठंतरी पाण्याखाली होतो. गळ्यात श्वासाची नळी, नाकात दुधाची. बोलता येत नव्हतं, आणि गंमत म्हणजे बोलावंसंही वाटत नव्हतं. खोलीत माणसं यायची, ओठ हलवायची, विरून जायची. दर थोड्या वेळानं परिचारिका यायची आणि पेनासारखं एक यंत्र माझ्या मानेला लावायची. त्यातून आवाज यायचा, शूं… शूं… शूं… वाऱ्यात ऊस हलतो तसा. पोटरीची वाहिनी मानेच्या वाहिनीतून रक्त पीत होती, त्याचा तो आवाज. तो ऐकू आला की ती मान हलवायची आणि मी परत बुडायचो. मला वाटायचं, आपल्या अंगात कुठंतरी कुणीतरी लांब चालत निघालंय आणि ह्या बाई त्याची पावलं ऐकताहेत.

हाडाबरोबर पोटरीवरच्या कातडीचा एक तुकडाही डॉक्टरांनी आत आणला होता, हिरडीच्या जागी शिवायला. जीभ तिथं गेली की जिभेला कळायचं, पण त्या कातडीला काही कळायचं नाही. आपल्याच घरात कुणीतरी पाहुणा झोपलाय आणि त्याला उठवू नये, असं वाटायचं. काही आठवड्यांनी त्या पाहुण्याला केस फुटले. खरेच केस, माझ्या पोटरीवरचे, तोंडात. मी घाबरून डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, "हाड जगलंय, कातडी जगलीये, केस येणारच. कात्रीनं कापू." तालमीतल्या पोरांना हे कळल्यावर माझी जी काय उडवली! "आता दाढी आतनं कर," म्हणायचे. मी हसायचो तेव्हा फक्त उजवीकडून हसायचो. डावा ओठ अजून बधीर होता. दूध प्यालं की डावीकडून ओघळायचं आणि आई टॉवेल पुढं करायची.

चालायला लागलो. मग जोरात चालायला लागलो. मग एका पहाटे रंकाळ्याच्या कडेनं पळालो आणि घोटा धरून बसलो. परत पळालो. अंगठा खरंच कमी वाकत होता. चेंडू पायाच्या आतल्या बाजूनं मारायला नव्यानं शिकलो. वर्ष गेलं, दुसरंही निम्मं सरलं. जबड्यात स्क्रू बसले, स्क्रूवर दात बसले. आणि एक दिवस फळ्यावर संघ लागला त्यात मी होतो.

सामना पलीकडच्या पेठेशी होता. ज्यांना कोल्हापूरचा फुटबॉल ठाऊक नाही त्यांना एवढंच सांगतो, की ह्या दोन पेठांत लग्नं होतात, उसनवार चालते, मयताला खांदे दिले जातात, पण सामन्याच्या दिवशी कुणी कुणाला पाणी विचारत नाही. त्यांचे लोक गॅलरीत बसून तुमच्या सात पिढ्या काढतात. मी तयारीनंच गेलो होतो. वाकड्या ओठावरून काय काय ऐकावं लागेल ते मनात म्हणून बघितलं होतं.

कुणी काहीच म्हणालं नाही.

चेंडू माझ्याकडे आला. मी डावीकडून निघालो. एक आडवा आला आणि बाजूला झाला. दुसरा आला, तोही सरकला. वाट आपोआप उघडत होती. पायाखालचं गवत मऊ, अंग हलकं, कानात आवाज नाही. सुरुवातीला मला वाटलं, मी पूर्वीपेक्षा चांगला खेळतोय. इतकं सुख झालं की डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा मी मुद्दाम चेंडू पायापासून लांब सोडला, शेंबडं पोरही घेईल असा. त्यांच्या खेळाडूनं तो घेतला नाही. माझ्यासाठी थांबला.

तेव्हा कळलं. माझ्याशी कुणी खेळतच नव्हतं. देवळात म्हाताऱ्याला वाट करून देतात तशी वाट देत होते. जबडा कापला तेव्हा दुखलं नसेल एवढं ते त्या क्षणी मनाला लागलं.

त्यांचा फुलबॅक उंच, रिक्षा चालवायचा. आधीच्या हंगामात त्यानं मला इतक्यांदा आडवा केला होता की माझ्या पाठीला त्याचा अंदाज होता. मी चेंडू पायाखाली दाबून त्याच्यासमोर उभा राहिलो.

"पाय घाल की," मी म्हणालो.

"नगं रं."

"का? मी मेलोय काय?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. मग हळू म्हणाला, "तुजी आई आलती घराकडं. पदर पसरला माज्या आईम्होरं. म्हनली, त्या पायात हाड न्हाई, तेवडा सांबाळा. आमच्या म्हातारीनं शप्पत घातलीया मला. समद्या पोरांस्नी सांगितलंय मी."

माझी आई. जिनं मैदानाचं तोंड कधी बघितलं नव्हतं, जिला विंगर म्हणजे काय ते सांगता आलं नसतं. दुधाच्या गिऱ्हाइकांकडून पत्ता काढून ती एकटी त्या पेठेत गेली होती. मला तिचा संताप आला आणि त्याच वेळी तिच्या कुशीत शिरावंसंही वाटलं. दोन्ही एकदम कसं होतं ते मला अजून सांगता येत नाही.

"पाय माजा हाय," मी म्हणालो. "आईचा न्हवं."

"तुजा पाय तर तोंडात हाय लेका," तो म्हणाला, आणि स्वतःच्या बोलण्यावर त्याला हसू फुटलं. मलाही फुटलं, उजवीकडून. पुढच्या क्षणी मी चेंडू ढकलला आणि त्यानं पाय घातला. सगळा घातला.

मी तोंडावर पडलो. हनुवटी जमिनीवर आपटली आणि सगळं मैदान गप झालं. माती तोंडात गेली होती. मी पडल्या पडल्याच जीभ फिरवली. दात होते. हाड होतं. डावीकडं, जिथं काही कळत नसे, तिथंही आज कळ उठत होती. पाय हलवला, हलला. शिट्टी वाजली, फ्री किक मिळाली, तरी मी उठेना. मग त्यांच्या गॅलरीतून एक दणदणीत आवाज आला, "उठ की रं! जबडा हुडकतोस काय गवतात?" आणि हजारभर माणसं खदखदून हसली. त्या दिवशी मी परत आलो. सामना आम्ही हरलो, पण ते मला नीट आठवतसुद्धा नाही.

घरी गेलो तेव्हा हनुवटी सोललेली होती. आईनं बघितलं आणि तवा खाली ठेवला.

"त्यानंच पाडलं?"

"त्यानंच. मी सांगितलं म्हणून."

"शब्द दिलता त्येच्या आईनं," ती म्हणाली. "मी त्यांच्या हितं च्या पिऊन आलो व्हतो."

"आई, परत कुणाच्या दारात जायचं न्हाई. माझी शपथ हाय."

तिनं हळद आणली, माझ्या हनुवटीवर दाबली, मला ओरडू दिलं. मग म्हणाली, "तू खेळायचं सोडनार हाईस?"

"न्हाई."

"मग मी बी न्हाई सोडनार."

पुढं मी बरीच वर्षं खेळलो. ती खरंच जात राहिली, हंगामात प्रत्येक सामन्याच्या आधी, ज्या पेठेशी सामना त्या पेठेत, पदर डोक्यावर घेऊन. कुणी तिला परत पाठवलं नाही. सगळ्यांच्या आयांनी तिला बसवलं, चहा पाजला, शब्द दिला. आणि मैदानात उतरल्यावर समोरचा फुलबॅक जवळ यायचा, माझ्या कानात म्हणायचा, "काल तुजी आई आलती बग. पोरगं सांबाळा म्हनली," आणि मग पाय घालायचा.